तीन नंबरची खोली

सकाळचे साडेनऊ वाजलेत, वागळे इस्टेटच्या मागचा चढ. रिक्षा इथपर्यंतच येते, पुढे पायऱ्या. दवाखान्यातलं बाकडं कधीच भरलंय आणि उरलेली लाईन पार जिन्यापर्यंत.

ही ताई बघा, चार घरची धुणीभांडी उरकून आलीय. मांडीवर कॅरीबॅग आहे आणि त्यात तीन वर्षांचे कागद, ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. तक्रार तीच, डोकं जड होतं, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात. आजवर मिळालं काय तर ॲसिडिटीची गोळी, बी कॉम्प्लेक्स आणि दोनदा सलाईन. झोप लागते का गं, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

आता कुणी म्हणेल, मग मानसिक डॉक्टरकडे जावं ना, ठाण्यात तर 1901 सालचं मनोरुग्णालय आहे, इथून फार लांब पण नाही. पण तिथेच तर घोडं अडतं! अख्खा महाराष्ट्र 'ह्याला ठाण्याला न्या' म्हणून चेष्टा करतो आणि आपण राहतो ठाण्यातच, त्यामुळे झोप येत नाही म्हणून तिथली चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी पर्समध्येच राहते, नवऱ्यालासुद्धा दाखवली जात नाही.

2015-16 साली निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने, देशभर सर्वे केला होता, शंभरातल्या साधारण दहा मोठ्या माणसांना काही ना काही मानसिक आजार निघाला, आणि आजाराप्रमाणे बघितलं तर 70 ते 92 टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. आणि हे इलाज जवळच्या दवाखान्यात मिळावेत ही कल्पना काही आजची नाही, 1982 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमात आहे, 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात आहे. कागदावर सगळं आहे हो.

मग करायचं काय? बीपी मोजतात त्याच टेबलावर चार प्रश्न जास्तीचे विचारायचे, एवढंच. नैराश्य ओळखायचा नऊ प्रश्नांचा एक फॉर्म असतो, गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं त्याचा. पण पुस्तकी मराठीत 'आपल्याला निराश वाटते का' विचारलं तर बाई सरळ नाही म्हणते. 'कशात जीव लागत नाही का, लई विचार येतात का' असं विचारा, मग बघा, डोळे भरून येतात. झिम्बाब्वेत हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाकावर बसून आज्या हेच करतात, तिकडे पण आजाराला 'फार विचार करणं' अशाच अर्थाचा शब्द आहे. गोव्यात पण सरकारी दवाखान्यांत साध्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी हे करून दाखवलं आणि पेशंट बरे झाले, 2010 मध्ये त्याचे आकडे छापून आलेत.

फॉर्ममधला नववा प्रश्न जड असतो, मरावंसं वाटतं का. सिस्टर तो गाळतात, विचारलं तर उगाच डोक्यात घातल्यासारखं होईल म्हणून. तसं होत नाही, उलट विचारल्यावर माणूस मोकळं होतं.

नैराश्यावरची गोळी सुरू झाली तरी गंमत अशी की तिचा असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळतं. चौथ्या दिवशी लोक बंद करतात. इथे आशाताईच कामाला येतात, पाण्याच्या वेळेआधी दारात उभ्या, 'घेतली का गं?' ताईची स्ट्रिप तांदळाच्या डब्यात आहे, सासूला नको दिसायला.

14416 हा टेलिमानसचा, म्हणजे फोनवर मानसिक मदत देणाऱ्या सरकारी सेवेचा नंबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, चांगलाच आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, त्यात फोनवर रडायचं कुठे, संडासच्या लाईनीत?

एका दवाखान्यात आधी दारावर मोठा बोर्ड लावला होता, 'मानसिक आरोग्य कक्ष'. महिनाभर कुणी फिरकेना, बाकावर बसलेल्याला शेजारची ओळखणारच ना. मग बोर्ड काढला. आता सिस्टर बीपी बघून केस पेपर परत देतात आणि नुसतं म्हणतात, तीन नंबरला जाऊन या.

काही आठवड्यांनी आपली ताई तिसऱ्यांदा आलीय. कॅरीबॅग आणलेली नाही, नुसता केस पेपर. सिस्टरने काही म्हणायच्या आधीच विचारते, "तीन नंबरला आज त्याच मॅडम आहेत ना?"