चावीचा करंट

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय छापलाय ‘दुचाकीवरील जादा विद्युत उपकरणांची जोडणी’. वाचून मलाच वाटलं, आता वायरमन शिडी घेऊन येणार. आपल्या भाषेत सांगायचं तर फॉग लाइट आणि मोबाइलचा चार्जर असे जोडायचे, की चावी बंद केली की तेही बंद आणि गाडी मात्र जळायची नाही. विषय पाच मिनिटांचा, तुम्ही दिलीत चाळीस. म्हणजे ताम्हिणी घाटातली गोष्ट सांगायला हरकत नाही. ज्यांनी ऐकलीय त्यांनी चहा घेऊन यावा. कुणीच उठत नाही? बरं.

तोवर ही काळी डबी फिरवा. काडेपेटीपेक्षा लहान, खाली चार पाय. रिले म्हणतात. बघा आणि पुढे द्या.

तर माझी जुनी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल. पावसाळ्याच्या तोंडावर नाना पेठेतून ५५ वॅटचे दोन हॅलोजन आणले आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं हेडलाइटचा डबा उघडला, टेस्ट लॅम्पचं टोक इकडे-तिकडे टोचलं, ‘‘साहेब, चावीचा करंट घावला’’ म्हणाला. ती वायर ब्लेडनं सोलली, आमच्या वायरीचा पीळ मारला, वर काळी टेप. दहा मिनिटांत काम फत्ते. चावी फिरवली की उजेड, काढली की अंधार. मी खूश! आणि हे कोण खूश होतंय, तर ज्यानं उभा जन्म कारखान्यात पॅनेल बसवण्यात घालवला तो गृहस्थ. घरच्या गाडीपुढे आपलं शिक्षण का गळून पडतं, कळत नाही. डॉक्टरांच्या घरी सर्दीवर काढाच असतो, तसलं काहीतरी.

जुलैत माणगावहून परत येत होतो. संध्याकाळची वेळ, घाटात पाऊस असा की हाताच्या अंतरावरचं वळण दिसेना. आता हिशेब बघा. दोन हॅलोजन ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर नऊ अँपियरच्या वर. हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब, पाच अँपियर. झाले चौदा. गाडीचा मुख्य फ्यूज पंधराचा. त्यात प्लगचं इग्निशन, मागचा दिवा, उतारावर सतत दाबलेला ब्रेक, त्याचा २१ वॅटचा बल्ब, आणि समोरून आलेल्या टेम्पोला पाहून मी दाबून धरलेला हॉर्न. फट् आवाजसुद्धा आला नाही हो. नुसतं सगळं गेलं. दिवे, हॉर्न, इंजिन. घाटात, उतारावर, काळोखात मी आणि माझी सायकल.

ढकलत एका टपरीपाशी आलो. टपरीवाला जाणकार. त्यानं सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, मेलेल्या फ्यूजला गुंडाळली. ‘‘चालतंय की!’’ मंडळी, या दोन शब्दांनी महाराष्ट्रात जेवढं वायरिंग जाळलंय तेवढं उंदरांनी कुरतडलं नसेल. चाललं. पौड गेलं, पिरंगुटाच्या अलीकडे हेडलाइटच्या डब्यातून जळक्या प्लास्टिकचा वास. उघडलं तर चावीच्या स्विचचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा, वितळून लोण्यासारखा झालेला. फ्यूज मरायचा होता, तो चांदीमुळे मरेना, मग त्याच्याऐवजी वायर मेली.

यातून अक्कल आली म्हणता? छे. त्यानंतर मोबाइलचा चार्जर मी रागानं थेट बॅटरीवर जोडला. चावीची भानगडच नको! चार्जर मोबाइल नसतानाही थोडी वीज खातच राहतो. वीस मिलीअँपियर धरा, दिवसाला अर्धा अँपियर-तास. नऊ अँपियर-तासांच्या बॅटरीतली निम्मी नऊ-दहा दिवसांत फस्त. गावाहून पंधरा दिवसांनी परतलो तर स्टार्टर नुसता टकटक करतोय. किक होती म्हणून वाचलो. तुमच्या नव्या गाड्यांना तीही नाही.

चिठ्ठी आलीय, ‘दहा मिनिटं’. पाच म्हणा, प्रश्न पण आहेत. भराभर सांगतो.

चावीकडून फक्त हुकूम घ्यायचा, वीज बॅटरीकडून घ्यायची. माजघरात आजोबा खाकरतात, विहिरीवर मोट बैल ओढतात. आजोबांना मोटेला जुंपायचं नाही. हे काम रिले करतो. ८६ नंबरच्या पायाला चावीनंतरची कुठलीही बारीक वायर, मागच्या दिव्याची सोयीची. ८५ ला अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी वायर. आतलं वेटोळं जेमतेम दीडशे मिलीअँपियर खातं, चावीला कळतही नाही. ३० ला बॅटरीचं पॉझिटिव्ह, ८७ वरून दिवे, मधे हँडलवर छोटा स्विच. चार्जरही ८७ वरूनच, पण या स्विचच्या अलीकडून.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, दिव्यापाशी नव्हे. तो दिव्यासाठी नसतोच, वायरीसाठी असतो. दीड चौरस मिलिमीटरची वायर, दहाचा फ्यूज, आणि हॅलोजन नको, एलईडी लावा. अर्थिंगची वायर रंगवलेल्या चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पिळू नका, थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. पीळ आणि टेप नको, थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, दाबून घ्या. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनबरोबर कायम चालूच असतो, म्हणजे तेवढी वीज आधीच खर्ची पडलीय, उरलीय किती ते बघूनच दिवे घ्या. ज्यांच्या गाडीत संगणक आहे त्यांनी कुठलीच वायर सोलू नये, कंपनीनं जादा सॉकेट दिलं असेल तर तेच वापरावं.

डायोडचं राहिलं. राहू दे.

प्रश्नांच्या आधी एकच. ती काळी डबी तिसऱ्या रांगेत अडकलीय. ती नमुन्याची नाही, खाली लावलेल्या माझ्याच गाडीची काढून आणलीय. बाहेर अंधार पडलाय, मला कोथरूडला जायचंय.