चुनखडी आहे, चुनखडक नाही

[दृश्य: जुन्या घराची ओसरी. शहाबादी फरशीवर एक पांढुरका गोल डाग.]

हा डाग लिंबाचा. चार वर्षांपूर्वी सरबत करताना अर्धं लिंबू इथं पडलं, रात्रभर तसंच राहिलं. सकाळी बघतो तर तेवढ्या जागेची झिलई गेलेली. आईनं चिंचेनं घासून काढायचा प्रयत्न केला, डाग दुप्पट झाला. होणारच. लिंबू काय आणि चिंच काय, दोन्ही आंबट, आणि फरशी चुन्याची.

शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक. शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. निजामाच्या राज्यात ते आणि आपण एकाच घरात होतो. तिथला दगड मराठवाड्यातल्या ओसऱ्यांत, देवळांत, शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसला. पण आमच्या पायाखाली चुनखडक आहे तो एवढाच, विकत आणलेला. रानात तो नाही.

आणि तरीही,

[दृश्य: उतारावरचं रान. काका ढेकूळ फोडतात. आत हरभऱ्याएवढे पांढरे खडे.]

रानात चुना आहे. भरपूर आहे.

हे रान बालाघाटाच्या उतारावर, अंबाजोगाईपासून तासाभराच्या अंतरावर. वर माळ, माळावर मुरूम आणि बरड. खाली ओढ्याकाठी काळी, भारी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. आणि या दोहोंच्या मधला हा पट्टा. ना हलका, ना भारी. ओली माती दोन्ही तळव्यांत घेऊन वळली तर काळ्या मातीची लांब वात होते, बरडाची होतच नाही. इथल्या मातीची वात होते आणि दोन-अडीच इंचांवर तुटते. पोयट्याकडे झुकणारी जमीन ती ही. वाळू, गाळ आणि चिकणमाती, तिघं नांदतात. पाणी धरते, पण तुंबवत नाही. अशी जमीन मिळाली तर कोण नको म्हणेल?

पण त्यात हे पांढरे खडे.

आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलंय, गोंधळ तिथूनच सुरू होतो. फरशीचा दगड तोही चुनखडी, आणि ढेकळातला खडा तोही चुनखडी. या चित्रफितीपुरतं आपण डोंगरातल्या दगडाला चुनखडक म्हणू आणि मातीतल्या खड्याला चुनखडी. रसायन दोघांचं एकच, कॅल्शियम कार्बोनेट. जन्मकथा मात्र अगदी उलटी.

[दृश्य: पाऊस. मग खडकाच्या फटीत साचलेली माती.]

जिथं खरोखर चुनखडकाचे डोंगर असतात, तिथं माती कशी होते ते आधी बघू. पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. चुनखडक त्या आंबटपणाला विरघळतो. दगडाचा मोठा भाग पाण्याबरोबर झऱ्यांत, नद्यांत निघून जातो. मागं उरतं ते दगडात भेसळ म्हणून आलेलं थोडं काही: चिकणमाती, बारीक गाळ, लोखंडाचे अंश. म्हणजे कितीतरी फूट दगड झिजावा तेव्हा वीतभर माती. म्हणून अशा डोंगरांवर माती उथळ असते आणि मुरूम न लागता एकदम दगडच लागतो. पण असते भुसभुशीत. कॅल्शियम कुजलेल्या पालापाचोळ्याला मातीशी बांधून ठेवतं, माती रवाळ होते. पोलंडमधले शेतकरी अशा जमिनीला रेंडझिना म्हणत. नांगराचा फाळ खालच्या दगडावर घासताना जो आवाज येतो, त्यावरून ते नाव पडलं असं सांगतात. आमच्या बरडात नांगर घातला तर तेच ऐकू येतं, आम्ही फक्त त्याचं नाव ठेवलं नाही. भूमध्य समुद्राच्या काठी याच पद्धतीनं मागं उरलेली माती लोखंडामुळे लालभडक दिसते.

आता यातली गंमत. खाली अखंड चुन्याचा डोंगर, आणि वरच्या पोयट्यात कित्येकदा चुना नावालाही नाही. पावसानं तो धुऊन नेलेला असतो. तिथला शेतकरी चुन्याच्या डोंगरावर उभा राहून शेतात चुना टाकतो.

आमच्याकडे बरोबर याच्या उलट.

[दृश्य: विहिरीचा कठडा. कॅमेरा आत उतरतो. काळी माती, पांढरी रेघ, मुरूम, काळा दगड.]

ही काकांची विहीर. वरून दोन हात माती. मग बघा, ही पांढरी रेघ. खाली मुरूम, आणि मग काळा पाषाण थेट तळापर्यंत. हा बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत शास्त्रज्ञांनी खोल भोक घेतलं, तेव्हा या लाव्हाची जाडी ३३८ मीटर भरली. नांदेडचा देगलूर-बिलोलीकडचा कोपरा सोडला, तिथं ग्रॅनाइटच्या जातीचा खडक वर येतो, तर बाकी जवळजवळ सगळा मराठवाडा या एकाच काळ्या दगडावर बसलाय.

मग चुना आला कुठून? याच काळ्या दगडातून. बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज असतं, त्यात कॅल्शियम. वजनानं बघितलं तर बेसॉल्टचा जवळपास दहावा हिस्सा चुनाच, फक्त दगडात कुलूपबंद. दगड कुजला की कुलूप उघडतं. कॅल्शियम पाण्यात उतरतं, पाण्याबरोबर खाली निघतं. आणि इथं आपला पाऊस कमी पडतो. वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर. पाणी दोन-तीन हात मुरतं आणि दम टाकतं. मग उघडीप. मुळं पाणी ओढून घेतात, ऊन उरलेलं खेचतं, चुना मात्र जिथल्या तिथं बसतो. पुढच्या वर्षी आणखी थोडा. असा हजारो वर्षं. ही पांढरी रेघ म्हणजे पाऊस कुठवर पोचायचा त्याची खूण.

कोकणात दगड हाच. पण तिथं अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळतो. चुना पार समुद्रापर्यंत धुऊन गेला, मागं उरला लाल जांभा. एकाच दगडाची दोन लेकरं, एक पावसात वाढलं आणि एक दुष्काळात.

[दृश्य: स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी.]

हाच चुना बोअरच्या पाण्यात उतरतो. म्हणून तुरीची डाळ चार शिट्ट्या झाल्या तरी बोटाला टणक लागते आणि आई म्हणते, "वरणाला आडाचंच पाणी आण बाबा." तोच चुना ठिबकच्या तोंडाशी बसतो.

[दृश्य: सोयाबीनचं शेत. मधोमध पिवळा पट्टा.]

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पाच-सहा वर्षांपूर्वी काकांनी हे रान सपाट करून घेतलं. जेसीबी दोन दिवस चालला. उंचवटा खरवडून खोलगट भरला, रान आरशासारखं झालं, सगळ्या भावकीनं येऊन कौतुक केलं. मीही केलं. पुढच्या खरिपात सोयाबीन तीन पानांवर आलं आणि हा पट्टा पिवळा पडला. वरची दोन वीत माती उचलली गेली होती आणि खालची पांढरी रेघ उन्हात आली होती.

[दृश्य: अगदी जवळून एक पान.]

पान नीट बघा. कोवळं पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. खालची जुनी पानं ठीक आहेत. नत्र कमी असतं तर जुनं पान आधी पिवळं पडलं असतं. ही लोहाची भूक. आणि मातीत लोह नाही असं मुळीच नाही, बेसॉल्टची माती लोखंडानं भरलेली असते. चुन्यामुळे मातीचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या वर जातो आणि लोह मुळाला उचलता येत नाही. ताट वाढलेलं, हात बांधलेले. जस्ताचं तेच. स्फुरद टाकावं तर चुना त्याला धरून बसतो. झड लागली की पिवळेपणा वाढतो, वाफसा आला की थोडा निवळतो, आणि शेतकऱ्याला वाटतं, कालच्या फवारणीचा गुण आला.

काका दुकानात गेले. तिथं त्यांना "चुनखडी मारायचं औषध" मिळालं. एकरी दहा किलो गंधक, वर एक बाटली. पुढच्या वर्षी आणखी दहा किलो.

हिशेब करू. एका एकराची वरची अर्धा फूट माती साधारण ८०० टन. त्यात दहा टक्के चुना धरला तर ८० टन. तेवढा चुना संपवायला २५ टनांच्या वर गंधक लागेल. पन्नास किलोच्या ५०० गोण्या, एका एकराला. काकांना हा आकडा सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी मी खंडीभर मिठात चिमूटभर साखर टाकत होतो की."

कुणी जिप्सम सुचवतं. जिप्सम चोपण जमिनीचं औषध आहे, जिथं सोडियम माजलेला असतो. चुनखडीच्या रानात तो टाकणं म्हणजे कॅल्शियमच्या ढिगावर आणखी कॅल्शियम. चोपण आणि चुनखड या दोन्ही जमिनी पांढुरक्या दिसतात, म्हणून त्यांना एकच समजणं फार महागात पडतं. माती तपासून घ्यावी. आणि मुक्त चुना, म्हणजे मातीत मोकळं पडलेलं कॅल्शियम कार्बोनेट, किती, हे मुद्दाम विचारून घ्यावं.

चुना जात नाही, त्याच्यासोबत राहायचं असतं. हिराकस, म्हणजे लोहाचं साधं खत, नुसतं मातीत टाकलं तर चुना ते दोन दिवसांत निकामी करतो. शेणखतात मुरवून दिलं तर टिकतं. अडल्यावेळी पानांवर फवारा. चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यानं धरू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, घेताना पुडीवर त्या रसायनाचं नाव ईडीटीए लिहिलंय की ईडीडीएचए, हे वाचून घ्यावं. पहिलं आपल्या मातीत तग धरत नाही, दुसरं धरतं, आणि त्याची किंमतही तशीच असते. स्फुरद रानभर फोकून न देता बियाण्याजवळ पेरून द्यावं. मोसंबी लावायची असेल तर मुक्त चुना दहा टक्क्यांच्या आत आहे का ते बघूनच, आणि रंगपूर लाइम या लिंबाच्या जातीच्या खुंटावर कलम केलेली.

[दृश्य: उतारावरची सीताफळाची झाडं.]

नाहीतर मग हे. बालाघाटाच्या कडेकपारीत सीताफळ कुणी न लावता उगवतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याला मानांकनाच्या आधीपासून इथली माती मानवलीय. खड्याला वळसा घालून मूळ खाली जातं. काकांनी त्या पिवळ्या पट्ट्यात तीन वर्षांपूर्वी सीताफळ लावलं. औंदा पहिली फळं धरलीत.

[दृश्य: काका खाली बसून खडा दगडावर ठेचतात. पुडीवर लिंबू पिळतात. कॅमेरा जवळ जातो. बारीक बुडबुडे.]

कान जवळ नेला तर आवाजही येतो. प्रयोगशाळेत यासाठी पातळ आम्ल वापरतात, काकांकडे लिंबू आहे. शेजारच्या गावात कुणी रान सपाट करायला काढलं की हल्ली लोक आधी काकांना बोलावतात. जेसीबी बांधावर उभा असतो, काका दहा-बारा ठिकाणी हातभर उकरतात आणि ठिकठिकाणी लिंबू पिळत जातात. घरून निघताना काकू डब्यात लिंबाची फोड देते. ती ते भाजीवर पिळत नाहीत.