खटक्यावर बोट का दम धरून?

नमस्कार मंडळी, काय चाललंय, जेवणं झाली का? आज पत्त्यांवर बोलायचंय, पण रमी नाही आणि तीनपानी तर अजिबातच नाही, त्यामुळं घरात आई-वडील ऐकत असतील तर आवाज कमी करायची गरज नाही. ट्रेडिंग कार्ड गेम. आपण शाळेत दप्तरात लपवून डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं नेऊन सरांचा मार खायचो बघा, त्याचाच जरा जास्त शिकलेला भाऊ समजा. मी खेळतो मॅजिक द गॅदरिंग, १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितवाल्या माणसानं काढलेला. इथं गठ्ठा, म्हणजे डेक, प्रत्येकानं घरून बांधून आणायचा, कमीत कमी ६० कार्डं, सुरुवातीला हातात ७, दोघांचं लाइफ २०, आणि समोरच्याचं शून्यावर न्यायचं, बास.

तर डेक बांधायला बसलं की पहिली मारामारी तिथंच, फास्ट बांधायचा का स्लो.

फास्टला अ‍ॅग्रो म्हणतात. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. बाकीची कार्डं टाकायला माना लागतो, म्हणजे ह्या खेळातला पैसा समजा, आणि तो देणारं कार्ड म्हणजे लँड. दर टर्नला एकच लँड टाकता येते, म्हणजे पहिल्या टर्नला एक माना, दुसऱ्याला दोन, असं वाढत जातं. आता हिशोब बघा. पहिल्या टर्नला दोन ताकदीचं क्रीचर, म्हणजे लढणारं कार्ड, जेवढी ताकद तेवढं समोरच्याचं लाइफ खाणारं, टाकलं, दुसऱ्याला तीनचं, तिसऱ्याला अजून एक तीनचं. आलेलं क्रीचर त्याच टर्नला मारत नाही, म्हणून दुसऱ्या टर्नला २ गेले, तिसऱ्याला ५, चौथ्याला ८, झाले १५. हातात दोन लाइटनिंग बोल्ट असले, एका मानात तीन डॅमेज देणारे, की ६ अजून, २१. चौथ्या टर्नला कार्यक्रम संपला! अर्थात समोरचा काहीच न करता बघत बसला तर, आणि तो कधीच नुसता बघत बसत नाही ही वेगळी गोष्ट.

स्लो म्हणजे कंट्रोल. ह्यात लँड जास्त लागतात, अ‍ॅग्रोत २०-२२ ला भागतं तर इथं २६ पर्यंत जातात, कारण मोठी कार्डं टाकायचीत. तीन टर्न मार खात बसायचं आणि चौथ्याला राथ ऑफ गॉड टाकायचं, चार माना, टेबलावरची सगळी क्रीचर साफ. समोरच्याची तीन कार्डं आपल्या एका कार्डात गेली, आता त्याचा हात रिकामा आणि आपला भरलेला, इथून पुढं आपण निवांत.

ऐकायला लई भारी वाटतं, मलाही वाटलं होतं. कोल्हापुरात राजारामपुरीत एका मित्राच्या गच्चीवर आम्ही दर रविवारी जमतो, तिथं मी मोठ्या ऐटीत कंट्रोल डेक नेला आणि ओळीनं चार मॅच हरलो, वरनं चहा पण मलाच पाजायला लागला. घरी येऊन वहीत गणित मांडलं. साध्या लँड सोडल्या तर एका कार्डाच्या जास्तीत जास्त चार कॉपी ठेवता येतात. पहिलं खेळणाऱ्याला पहिल्या टर्नला कार्ड ओढता येत नाही, म्हणजे चौथ्या टर्नपर्यंत त्यानं १० कार्डं बघितलेली असतात, आणि त्यात ते राथ यायची शक्यता ५३ टक्क्यांच्या आसपास. छापा-काटाच की राव! आणि मी त्या एका कार्डाच्या भरवशावर मार खात बसलेलो.

लोक म्हणतात स्वभावाप्रमाणं डेक घ्या, तापट माणसानं अ‍ॅग्रो, शांत माणसानं कंट्रोल. मला हे पटत नाही. कंट्रोल डेक म्हणजे सगळी उत्तरं, आणि पेपरात काय येणारे तेच माहीत नसेल तर उत्तरं पाठ करून काय उपयोग? मी भरलेली क्रीचर मारायची कार्डं, आणि समोर एक गडी असा निघाला की त्याच्या डेकात क्रीचरच नावाला, माझा अर्धा हात कचरा. अ‍ॅग्रोला ही भानगड नाही, आपला बोल्ट कुणाच्याही तोंडावर बसतो.

बरं, दोघंही फास्ट घेऊन बसले तर? इथं खरी गंमत आहे आणि इथंच बहुतेक जण हरतात. तुम्हाला वाटलं असेल आता हा खासबागेतल्या कुस्तीचं उदाहरण देणार, नाही देत, फुटबॉलचं देतो. शाहू स्टेडियमवर तालमीच्या टीमची मॅच, एक गोल पुढं असलेली टीम शेवटच्या दहा मिनिटांत काय करते? एरवी कितीही अटॅक करणारी असू दे, पोरं मागं घेते. तसंच इथं, दोघांपैकी ज्याचा डेक जरा जड आहे त्यानं त्या मॅचपुरतं कंट्रोल व्हायचं, क्रीचर ब्लॉकिंगला, म्हणजे समोरच्याचा मार अडवायला, ठेवायची, बोल्ट समोरच्याच्या तोंडावर न मारता त्याच्या क्रीचरवर मारायचे. कारण शर्यतीत हा जड डेकवाला हरणारच आहे, पण मॅच लांबली तर त्याची मोठी कार्डं कामाला येतात. डेकावर फास्ट लिहिलंय म्हणून पळतच सुटायचं असं काही नसतं भावा.

आणि टाइम. स्पर्धेत तीनपैकी दोन गेम जिंकायच्या आणि राउंड साधारण ५० मिनिटांचा, त्यात दोन्हीकडं स्लो डेक आले की दुसरी गेम चालू असतानाच वेळ संपते. हात चालवायची सवय नसेल तर कंट्रोलच्या नादाला लागूच नका.

माझा तो डेक मी मोडलेला नाही, कपाटात आहे. गच्चीवरच्या सहा जणांचे डेक आता मला पाठ झालेत, नेहमीचेच गडी असले की तोच नेतो आणि बऱ्यापैकी जिंकतो पण. पण येत्या रविवारी तीन-चार नवीन पोरं येणारेत, कुणाकडं काय आहे काही पत्ता नाही, म्हणून काल रात्री बसून २१ लँडवाला लाल डेक, म्हणजे बोल्टवाला अ‍ॅग्रो, स्लीव्हमध्ये भरून ठेवलाय. बघू, ह्यावेळी चहा कोण पाजतंय.