मोठा कुत्रा दत्तक घेतला आणि आता वाटतंय, चुकलं तर नाही ना?

नमस्कार. मोठ्या वयाचा कुत्रा हौसेनं घरी आणलात आणि दोन-तीन रात्रींतच मनात आलं, हे कशाला करून बसलो आपण? बोलायचं कोणाशी? फोटो टाकून झालेत, लोकांनी कौतुक केलंय. इकडे तुम्हाला घास उतरत नाही आणि झोपही लागत नाही. आजचा व्हिडिओ खास तुमच्यासाठी.

हे पुष्कळ जणांना होतं. पुढे ज्यांनी त्याच कुत्र्यावर जीव ओवाळून टाकला, त्यांनाही झालेलं असतं. झोपेचं खोबरं झालेलं असतं, दिनक्रम विस्कटलेला असतो आणि एका जिवाची जबाबदारी एकदम अंगावर आलेली असते. म्हणून माझा आग्रह आहे, ठेवायचं की परत करायचं हा निर्णय रात्री, दमलेल्या डोक्यानं घेऊ नका. एखाद्या संध्याकाळी कुत्रा घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवा आणि पोटभर झोपा. मग विचार करा.

आता कुत्र्याची बाजू. शेल्टरमधली, म्हणजे कुत्र्यांच्या निवारा केंद्रातली माणसं एक ढोबळ हिशेब सांगतात. पहिले 3 दिवस तो बावरलेला असतो, 3 आठवड्यांत घराची रीत कळते, 3 महिन्यांत रुळतो. हा नुसता ठोकताळा आहे, काहींना बराच जास्त वेळ लागतो. पण पहिल्या आठवड्यात दिसतो तो त्याचा खरा स्वभाव नसतो, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. आणि हो, सुरुवातीला गपगार असलेला कुत्रा काही आठवड्यांनी अचानक भुंकायला, वस्तू पळवायला लागतो. तेव्हा लोक घाबरतात. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, धीट झालेला असतो.

ही क्लिप बघा. मी वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवतेय. त्यानं जांभई दिली. ओठांवरून जीभ फिरवली. मान वळवली, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय. आपल्याला वाटतं, याला मी आवडतच नाही. तो एवढंच सांगतोय की जरा लांब राहा. आता दुसरी क्लिप. मी जमिनीवर बसलेय, त्याच्याकडे बघत नाहीये. तो आला, हाताचा वास घेतला आणि निघून गेला. जाऊ द्या त्याला! हवं तेव्हा उठून जाता येतं हे कळलं, की तो आपणहून पुन्हा येतो.

‘मोठ्या कुत्र्याला आपला लळा लागत नाही,’ असं म्हणणारे खूप भेटतील. 2001 साली हंगेरीतल्या संशोधकांनी निवारा केंद्रांतल्या मोठ्या कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक माणूस प्रत्येक कुत्र्याबरोबर दहा-दहा मिनिटं, फक्त तीनदा राहिला. तेवढ्यावर त्या कुत्र्यांमध्ये त्या माणसाविषयी ओढ दिसू लागली होती. माणसाच्या सोबतीची इतकी भूक असते त्यांना.

तो रुळेपर्यंत घर शक्य तितकं कंटाळवाणं ठेवा. पाहुणे नकोत, फिरायची वाट तीच, वेळ तीच. त्याला एक कोपरा द्या, तिथे गेल्यावर कोणीही त्रास द्यायचा नाही. दिवसाचे 12 ते 14 तास झोपला तर काळजी करू नका. त्याला घरात एकटं ठेवून दाराबाहेर जाऊन लगेच परत यायचा सराव पहिल्या आठवड्यापासून करा, नाहीतर तुम्ही स्वतःच घरात अडकून पडाल.

गुरगुरला तर रागावू नका. ती सूचना आहे. ती दाबली, तर पुढे सूचना न देता चावू शकतो. विशिष्ट जागी हात लावल्यावरच अंगावर येत असेल तर कान, दात, सांधे व्हेटकडून, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडून तपासून घ्या, दुखत असू शकतं. एखादा दिवस कमी खाल्लं तर ठीक, पण दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर थांबू नका.

आणि घरात लहान मूल आहे, कुत्रा त्याच्यावर धावून जातोय, तर वाट बघत बसू नका. दोघांना आजपासूनच वेगळं ठेवा आणि अनुभवी ट्रेनरला बोलवा. तरीही जमलं नाही तर त्याला शेल्टरला परत देणं हे पाप नाही. देताना तो कशाला घाबरतो, कोणापाशी शांत बसतो, काय आवडीनं खातो, सगळं लिहून द्या. पुढचं घर शोधताना त्यांना तेच कामाला येतं.