वखारीत घर: सूट कशात द्यावी, कशात नाही

मंडळी, जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव ही कापसाची गावं. जिथे जुनं जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणं) थांबलं, तिथेही वखारी आहेत, आणि त्या भर वस्तीत आहेत. त्यांची घरं व्हावीत यासाठी नियम सैल करा, ही मागणी रास्तच आहे. वाहनतळ, जुनी सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), शुल्क यांत खुशाल सूट द्या. उजेड, हवा आणि आगीतून बाहेर पडायची वाट यांत मात्र एक इंचही नको.

इंग्लंडमध्ये 2013 पासून कार्यालयांची घरं करायला पूर्ण नियोजन परवानगीची अट काढली. मग बिनखिडकीच्या खोल्या निघाल्या. शेवटी 2020 मध्ये नैसर्गिक उजेड आणि 2021 मध्ये किमान 37 चौरस मीटरचं घर, या अटी परत घालाव्या लागल्या.

आता हिशोब बघा. समजा वखार 18 मीटर रुंद, 36 मीटर लांब. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे खिडकीपासून साडेसात मीटरच्या पलीकडचा भाग उजेडाचा धरत नाहीत. दोन्ही बाजूंनी साडेसात धरले, तरी मधला तीन मीटरचा पट्टा अंधारातच. आणि पेठेतल्या वखारीची एक भिंत बहुधा शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटलेली असते. तिथे खिडकी पाडताच येत नाही, मग अंधार साडेदहा मीटरचा होतो. उपाय आपल्या वाड्यांत आहेच: मधे चौक काढा. दोन कैच्यांमधले (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांमधले) पत्रे उतरवा, कैच्या तशाच ठेवा. कैचीची खालची दांडी कुणी कापली, तर भिंती बाहेर ढकलल्या जातात. मिस्त्री ‘आडवी येते’ म्हणून हीच दांडी आधी कापायला निघतो, तेव्हा लक्ष ठेवा.

खिडकी किती? कोरड्या उष्ण हवेत खोलीच्या जमिनीच्या एक दशांश. म्हणजे साडेनऊ चौरस मीटरच्या खोलीला जवळजवळ एक चौरस मीटर.

उंची भरपूर दिसते म्हणून मधे माळा टाकायचा मोह होतो. त्याचा भार जुन्या चुन्याच्या भिंतीवर देऊ नका, स्वतंत्र खांब आणि पाया करा. खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पाया तिच्यासोबत हलतो. वरच्या मजल्याला नुसता पत्रा ठेवलात तर मे महिन्यात तिथे माणूस राहणार नाही. उष्णतारोधक थर आणि हवा खेळती राहील असं छत हवंच.

खताची वखार असेल तर भिंतीत क्षार मुरलेले असतात. वरून सिमेंटचा गिलावा मारला तर तो पापुद्रे धरून सुटतो. जुना गिलावा विटेपर्यंत खरवडा, भिंत वाळू द्या, मगच नवा करा. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ॲस्बेस्टॉस धरूनच चाला: कापू नका, फोडू नका, ओले करून अख्खे उतरवा.

पाण्याचं गणित वेगळं. माणशी 135 लिटर, घरात चार माणसं, बारा घरं: दिवसाला 6,480 लिटर. नळ चार दिवसांआड येत असेल तर जमिनीखालची टाकी 26 हजार लिटरची लागते. ती चौकातच बसवा, पण कैचीच्या खांबांच्या पायापासून लांब.

कागदाचा क्रम असा: आधी मंजूर विकास आराखड्यातला झोन दाखला, म्हणजे जागा कोणत्या वापरासाठी ठेवली आहे त्याचा कागद. औद्योगिक झोन असेल तर राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतल्या अटी नगररचना विभागात विचारून घ्या. वापर बदलणं हाही कायद्याने विकासच. त्याला परवानगी, अग्निशमनाचा दाखला आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जायची परवानगी) लागतं. घरं विकायची असतील आणि ती आठांहून जास्त असून जमीन 500 चौरस मीटरच्या वर असेल, तर महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणीही. वीजमीटर आणि घरपट्टी त्यानंतर.