आधी समोरच्याचं म्हणणं

वर्गात चार जणांचा गट बसलाय. विषय आहे, गृहपाठ बंद करावा का? मुलगा म्हणतो, बंदच करावा. समोरची मुलगी उत्तर द्यायला उतावीळ झालीय. पण इथला नियम असा, की आधी त्याचं म्हणणं तिनं आपल्या शब्दांत सांगायचं.

"तुला घरी अभ्यासच करायचा नाहीये."

मुलगा मान हलवतो. "तसं नाही. वर्गात झालेलंच घरी पुन्हा उतरवून काढायचं नाहीये."

मुलगी अडखळते. तिनं मनाशी जुळवलेलं उत्तर आता लागूच पडत नाही.

समोरच्याचे विचार आणि भावना त्याचं समाधान होईल इतक्या नेमकेपणानं सांगता आल्या, तरच आपलं बोलायचं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ साली हा नियम सुचवला. ऐकायला सोपा आहे, पाळताना मात्र मोठ्यांचीही दमछाक होते.

"आवाज चढवू नका, नीट बोला" एवढं सांगून मुलं मतभेद कसा मांडायचा ते शिकत नाहीत. "तुला नाही कळायचं ते" हे अगदी गोड आवाजातही म्हणता येतं. आणि मुद्द्यावर तळमळीनं बोलणाऱ्याचा आवाज थोडा चढला, तर त्यात अपमान नसतो.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी वर्गासाठी एक पद्धत बसवली. चौघांचा गट, दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या. पुरावे जमवायचे, मांडायचे, एकमेकांचे मुद्दे खोडायचे. मग बाजू बदलायच्या. मघाशी जे खोडलं, तेच आता जीव तोडून मांडायचं! वेळ नाही म्हणून नेमकी हीच पायरी गाळली जाते, आणि मग उरते ती नुसती वादविवाद स्पर्धा. शेवटी दोन्ही बाजू सोडून, पुराव्यांवरून काय पटतं ते चौघांनी मिळून ठरवायचं. इथे कुणी जिंकत नाही.

विषय मात्र शिक्षकांनी जपून निवडावा. वर्गातल्या कुणाचीही माणूस म्हणून किंमत वादाला लावायची नसते.

आणि मग एक दिवस कुणीतरी उभं राहतं. "सर, उत्तर बरोबर आहे, पण तुमचं कारण पटत नाही." सगळा वर्ग सरांकडे बघू लागतो. "उलट बोलू नकोस" असं ऐकू आलं, की आजवरचा सराव मुलांच्या लेखी संपला. "सांग, कुठे पटत नाही?" असं विचारून सर खरंच ऐकत थांबले, तर एरवी गप्प बसणारी मुलंही आपल्या शंका विचारू लागतात.