मुरगाव, १९४३ : तटस्थ बंदरातली रात्र

[दृश्य : मुरगावचा धक्का. खनिजाच्या बार्ज, पलीकडे झुआरीचं मुख.]

निवेदन :

सप्टेंबर १९३९. युरोपात युद्ध पेटलं आणि अरबी समुद्रातल्या जर्मन मालवाहू बोटींची पंचाईत झाली. मुंबई, कराची, कोलंबो, सगळीकडे इंग्रजांचा झेंडा. या किनाऱ्यावर आसरा उरला तो मुरगावचा. गोवा पोर्तुगालच्या ताब्यात आणि पोर्तुगाल तटस्थ. एहरेनफेल्स, ड्राखनफेल्स आणि ब्राउनफेल्स या तीन जर्मन बोटी इथे नांगर टाकून बसल्या. पुढे सोबतीला इटलीची अन्फोराही होती.

लिस्बनमध्ये बसलेल्या पोर्तुगालच्या हुकूमशहाची, सालाझारची, तटस्थता मोठी हिशेबी होती. तोफांच्या पोलादाला लागणारं वुल्फ्राम, म्हणजे टंगस्टनचं खनिज, तो जर्मनीलाही विकत होता आणि इंग्लंडलाही. इंग्लंडशी तर पोर्तुगालचा १३७३ सालापासूनचा मैत्रीचा तह. पण तिकडे पोर्तुगालच्याच ताब्यातल्या पूर्व तिमोरात ही तटस्थता कुणीच जुमानली नाही. डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच फौजा न विचारता उतरल्या, दोन महिन्यांत जपानी आले. हजारो तिमोरी माणसं त्यात मेली.

गोव्यात मात्र सगळं शांत दिसत होतं. इंग्रजांना संशय होता तो एहरेनफेल्सचा. या बोटीवर छुपा ट्रान्समीटर आहे आणि दोस्त राष्ट्रांच्या बोटींची खबर त्यावरून जर्मन पाणबुड्यांना जाते, असं त्यांचं म्हणणं. त्या खबरींमुळे नेमक्या किती बोटी बुडाल्या, यावर आजही वाद आहे. पण तटस्थ बंदरात सैन्य घुसवणं म्हणजे सालाझारला हिटलरच्या बाजूला ढकलणं. मग गुप्त कारवायांच्या खात्याने माणसं शोधली ती कलकत्त्याच्या क्लबांतून.

कलकत्ता लाइट हॉर्स. नाव घोडदळाचं, पण माणसं ताग-चहाच्या कंपन्यांतली. चाळिशी-पन्नाशीचे साहेब, पोटं सुटलेली. शेवटची लढाई या पलटणीने पाहिली ती चाळीस वर्षांपूर्वीच्या बोअर युद्धात! त्यांतले चौदा निघाले, कलकत्ता स्कॉटिश या तशाच दुसऱ्या पलटणीचे चार सोबत. वाहन कसलं, तर ‘फीबी’ नावाची गाळ वाहणारी बार्ज. ती कलकत्त्याहून अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून आली. बरेचसे साहेब रेल्वेने कोचीनला येऊन तिच्यावर चढले.

[दृश्य : रात्रीचं बंदर, दूरवर वास्कोचे दिवे.]

९ मार्च १९४३. इंत्रूजचा, म्हणजे गोव्याच्या कार्निव्हलचा, शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवसापासून उपवासाचा काळ. गावात नाचगाणी रंगलेली. बरेच खलाशी किनाऱ्यावर गुंतलेले. त्यांना तसं गुंतवण्याची सोय इंग्रजांच्या हस्तकांनी करून ठेवली होती.

मध्यरात्र उलटल्यावर फीबी एहरेनफेल्सला भिडली. शिड्या लागल्या, स्टेनगन कडाडल्या. बेत होता बोट ओढून खुल्या समुद्रात न्यायचा. पण जर्मनांनी आधीच तयारी ठेवलेली. त्यांनी आग लावली, तळाचे व्हॉल्व्ह उघडले आणि बोट जागीच बसू लागली. ज्वाळा पाहून उरलेल्या तीन बोटींच्या खलाशांनीही आपापल्या बोटी स्वतःच पेटवून बुडवल्या. कप्तानासह पाच जर्मन ठार. फीबीवरचे सगळे सुखरूप परतले.

वाचलेल्या खलाशांना पोर्तुगिजांनी आग्वादच्या किल्ल्यात डांबलं. आणि हे साहेब? पुन्हा आपल्या कचेऱ्यांत. ना पगार, ना पदक, वर तोंडाला कुलूप. जगाला ही हकीकत कळायला १९७८ उजाडलं.

[दृश्य : धक्क्यावर समोरासमोर लागलेल्या दोन मोठ्या बोटी, रेखाचित्र.]

याच बंदराने सातच महिन्यांत तटस्थतेचं दुसरं रूपही पाहिलं. ऑक्टोबरात जपानची तेया मारू इथे आली ती शांघाय, हाँगकाँग, फिलिपिन्समध्ये अडकलेले अमेरिकन आणि कॅनेडियन नागरिक घेऊन. अमेरिकेतून जपान्यांना घेऊन स्वीडनची ग्रिप्सहोम आली. दोन्हीकडे हजाराहून जास्त माणसं. मिशनरी, व्यापारी, बायका, पोरं. एक रांग इकडून तिकडे, दुसरी तिकडून इकडे. युद्धकैद्यांसाठी रेडक्रॉसची पार्सलंही याच धक्क्यावर जपानी बोटीत चढली. माझ्या मते मुरगावच्या इतिहासातलं हे पान त्या धाडीपेक्षा मोठं आहे, पण धाडीवर चित्रपट निघतो, अदलाबदलीवर नाही.

युद्धानंतर सालाझारने तटस्थतेची वही मिटली. १९४९ मध्ये पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य झाला. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच प्रांत आहे, ही त्याची टकळी चालूच. १८ जून १९४६ला मडगावात राममनोहर लोहियांनी नागरी हक्कांसाठी सभा घेतली तेव्हाही उत्तर मिळालं ते अटकेचं.

डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. पोर्तुगालने मदतीसाठी नाटोकडे पाहिलं, पण त्या कराराची हद्द उत्तर अटलांटिकपुरती. मग इंग्लंडला १३७३च्या तहाची आठवण करून दिली. दुसऱ्या महायुद्धात याच तहाच्या आधारे इंग्लंडने पोर्तुगालच्या अझोर बेटांवर तळ मिळवला होता. या वेळी मात्र लंडनने हात वर केले. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली.